फास्ट का पॅसिंजर?

१७ सप्टेंबर २०२५. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडच्या नव्याकोऱ्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे निघाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी झेंडा दाखवला, लोकांनी मोबाइल वर केले आणि अर्ध्या तासात आमचे सगळे व्हॉट्सॅप ग्रुप त्याच एका व्हिडिओने भरून गेले. मी पुण्यात ऑफिसात होतो. दुपारी वडवणीहून तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, फोन आला.

"गाडी सुरू झाली रं बीडची. पण ही फास्टमधी येती का पॅसिंजरमधी?"

"तात्या, डेमू हाय ती."

"डेमू म्हंजे?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात एखाद्या गोष्टीचा प्रकार ठरवणारा रकाना फार महत्त्वाचा असतो, कारण पुढचे सगळे नियम त्या रकान्यावरून लागू होतात. रेल्वेतही तसंच आहे. गाडीच्या नावापुढे कोणता प्रकार लागलाय, यावर तिचं भाडं ठरतं, ती कुठे थांबणार ते ठरतं, आणि एकाच रुळावर दोन गाड्या आल्या तर बाजूला कुणी उभं राहायचं तेही ठरतं. म्हणून तात्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर आपल्या रेल्वेने 'फास्ट' कशाला म्हटलं, याचा इतिहासच पाहावा लागतो.

राणी, राजधानी, शताब्दी

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, तेव्हा गाडी असणं हाच वेग होता. बैलगाडीच्या तुलनेत सगळंच फास्ट. प्रकार पाडायची गरज पडली ती नंतर, आणि सुरुवातीला प्रकार गाड्यांचे कमी आणि माणसांचे जास्त होते: पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग.

मराठी माणसाची सगळ्यात लाडकी वेगवान गाडी म्हणजे डेक्कन क्वीन. १ जून १९३० ला ती मुंबई-पुणे धावू लागली. तिच्यात सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला जोडले गेले ते १९५५ साली. म्हणजे ही राणी पंचवीस वर्षं सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोरून रोज जात होती, पण त्याला आत घेत नव्हती. वेग आणि वर्ग यांची ही जोडी पुढेही सुटलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं आपल्या गाड्यांची कमाल मर्यादा ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास होती. जुन्या हिशेबात ताशी ६० मैल. जपानने १ ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो-ओसाका शिंकान्सेन सुरू केली, ती ताशी २१० किलोमीटरने. त्यांनी त्यासाठी वेगळा, नवा रूळ टाकला. आपण जुन्याच रुळावर वेग वाढवायचं ठरवलं. त्यातून मार्च १९६९ मध्ये नवी दिल्ली-हावडा राजधानी एक्सप्रेस आली. कमाल वेग १२०. सुमारे १४५० किलोमीटर तिने १७ तास २० मिनिटांत कापले. भागाकार केला तर सरासरी येते ताशी ८४ च्या जवळ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८८ साली शताब्दी आली. नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने नाव 'शताब्दी', पहिली धाव नवी दिल्ली ते झाशी. त्या वेळी रेल्वे राज्यमंत्री होते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. दिवसाउजेडी जाऊन त्याच दिवशी परत येणारी, खुर्च्यांची, वातानुकूलित गाडी ही कल्पना तेव्हा नवी होती. मग ५ एप्रिल २०१६ ला दिल्ली-आग्रा गतिमान एक्सप्रेस ताशी १६० ने धावली. १२० वरून १६० वर यायला आपल्याला ४७ वर्षं लागली.

आणि मग १५ फेब्रुवारी २०१९ ला नवी दिल्ली-वाराणसी मार्गावर वंदे भारत. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, सुधांशू मणी महाव्यवस्थापक असताना ती बांधली गेली. तेव्हा तिचं नाव होतं 'ट्रेन १८', कारण ती २०१८ मध्ये तयार झाली. चाचणीत तिने १८० गाठले. प्रत्यक्षात परवानगी कमाल १६० ची, तीही मोजक्या मार्गांवर.

जगाच्या मोजपट्टीवर यातली एकही गाडी 'हाय-स्पीड' नाही. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या व्याख्येत नव्या मार्गावर ताशी २५० किंवा त्याहून जास्त आणि सुधारलेल्या जुन्या मार्गावर साधारण २०० असेल, तरच हाय-स्पीड. त्यामुळे आपल्याकडे १६० च्या गाड्यांसाठी 'सेमी हाय-स्पीड' असा मधला रकाना तयार झाला. खऱ्या अर्थाने पहिल्या रकान्यात बसणारा आपला एकच प्रकल्प म्हणजे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. लांबी ५०८ किलोमीटर, भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७, नियोजित वेग ताशी ३२०.

पाच आकड्यांची जात

आता तुमच्या तिकिटावरचा गाडीचा क्रमांक बघा. २० डिसेंबर २०१० पासून आपल्याकडे पाच आकडी क्रमांक आहेत आणि त्यातला पहिला आकडाच गाडीची ओळख सांगतो. १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची मेल-एक्सप्रेस. ५ असेल तर इंजिनाने ओढलेली पॅसेंजर. ६ म्हणजे मेमू, ७ म्हणजे डेमू, ९ म्हणजे मुंबईची लोकल. शून्य असेल तर स्पेशल. १२ किंवा २२ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की समजायचं, सुपरफास्ट.

सुपरफास्ट म्हणजे किती फास्ट? ब्रॉडगेजवर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सरासरी ताशी ५५ किलोमीटर. बस, एवढंच. समृद्धी महामार्गावर ५५ ने गाडी चालवली तर मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव घेईल. पण रेल्वेत ५५ ओलांडले की सुपरफास्ट, आणि स्लीपरच्या तिकिटावर ३० रुपये, एसी टू किंवा थ्री टियरवर ४५ रुपये अधिभार. २०१७ साली महालेखापालांनी दाखवून दिलं की उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वेवरच्या काही सुपरफास्ट गाड्या बहुतेक दिवस ती ५५ चीही सरासरी गाठत नव्हत्या, पण अधिभार मात्र घेतला जात होता. मराठवाड्याचा बराच भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. तेव्हा हे पैसे आपल्याही खिशातून गेले.

रकाना बदलला की खिशावर काय होतं, याचं याहून ठळक उदाहरण कोविडनंतरचं. टाळेबंदीनंतर ज्या पॅसेंजर गाड्या परत आल्या, त्या 'स्पेशल' आणि 'एक्सप्रेस' म्हणून आल्या. डबे तेच, थांबे जवळपास तेच, वेग तोच. पण किमान भाडं १० रुपयांचं ३० रुपये झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० वर आलं. मधल्या काळात गाडी एका मिनिटानेही लवकर पोचली नव्हती. बदलला होता फक्त प्रकार.

डब्याखाली बघितलं तर

आता तात्यांच्या डेमूकडे येऊ. डेमू म्हणजे डिझेल इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट. हिला वेगळं इंजिन जोडलेलं नसतं. डिझेल इंजिन गाडीच्याच टोकाच्या डब्यात बसवलेलं असतं आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडा, वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणा, जोडा, ब्रेक तपासा, ही कटकट नाही. चालक या टोकाची केबिन सोडून त्या टोकाला जातो आणि गाडी परत निघते.

हाच प्रकार विजेवर चालला की ईएमयू, म्हणजे मुंबईची लोकल. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली. पुढे लोकलचंच लांब पल्ल्याचं भावंड म्हणून मेमू आली. आणि वंदे भारत? तीही याच घराण्यातली. तिला वेगळं इंजिन नाही. मोटारी डब्यांच्या खाली विभागलेल्या आहेत, निम्म्या डब्यांची चाकं स्वतःच्या जोरावर फिरतात. म्हणून ती थांब्यावरून पटकन वेग घेते आणि पटकन वेग सोडते. तिची खरी करामत कमाल वेगात कमी आणि या उचलीत जास्त आहे.

थोडक्यात, वंदे भारत आणि बीडची डेमू या एकाच कुळातल्या दोन बहिणी. एक कोरी, पांढरी, स्वयंचलित दारांची, आणि दुसरी धूर सोडणारी, खिडकीला गज असलेली. राजधानी-शताब्दी मात्र दुसऱ्या कुळातल्या, इंजिनाने ओढलेल्या.

डब्यांचीही अशीच कथा आहे. चेन्नईची कोच फॅक्टरी १९५५ साली स्विस आराखड्यावर सुरू झाली. निळ्या रंगाचे ते जुने डबे आपण सगळ्यांनी पाहिलेत. अपघातात ते एकमेकांवर चढत आणि त्यात माणसं जास्त मरत. म्हणून जर्मनीच्या एलएचबी डब्यांचा करार १९९५ मध्ये झाला. ते स्टेनलेस स्टीलचे, १६० ला चालणारे, अपघातात एकमेकांवर न चढणारे. पण चेन्नईत जुन्या डब्यांचं उत्पादन थांबायला २०१८ साल उजाडलं. डेक्कन क्वीनला एलएचबी डबे मिळाले जून २०२२ मध्ये. मुंबई-पुण्याच्या राणीची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं.

तीन रुळांच्या मधला जिल्हा

१९९५ हे साल दुसऱ्याही कारणाने महत्त्वाचं आहे. १९९५-९६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात अहमदनगर-बीड-परळी या सुमारे २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली. खर्चाचा अंदाज होता ३५३ कोटी. वडवणी याच मार्गावर, बीड आणि परळीच्या मधे.

मुळात बीडला रेल्वे का नव्हती? नकाशा काढून बघा. पश्चिमेला दौंड-मनमाड मार्ग नगरवरून १८७८ साली गेला. तो ब्रॉडगेज, इंग्रजांच्या मुलखातला. उत्तरेला निजामाच्या राज्यातली मनमाड-जालना-परभणी-नांदेड-सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्याची लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर तयार झाली. ती मीटरगेज. दक्षिणेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे लातूरपर्यंत गेली. ती नॅरोगेज, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. तीन बाजूंना तीन रुंदीचे रूळ, आणि मधे बीड. बीड निजामाच्या राज्याच्या कडेला होतं. इंग्रजांच्या कंपन्यांना हद्द ओलांडून यायचं कारण नव्हतं, निजामाच्या रेल्वेला हद्दीपर्यंत जाऊन रिकामं परतायचं कारण नव्हतं. जिल्ह्यात रेल्वे आली ती परळीला, पूर्वेच्या टोकाला. आमच्या घरात अजूनही 'रेल्वेनं जायचं' याचा अर्थ 'आधी तेलगाव-सिरसाळ्यावरून परळीला जायचं' असाच आहे.

१९४८ ला निजामाचं राज्य गेलं, हद्द पुसली गेली, पण रूळ आला नाही. मंजुरी १९९५ मध्ये आली, पण मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. दर अर्थसंकल्पात थोडी रक्कम पडायची, त्यात थोडी जमीन घेतली जायची, तोवर जमिनीचा आणि सिमेंट-लोखंडाचा भाव वर जायचा. मग राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं. गोपीनाथ मुंडेंनी हा मार्ग आपल्या राजकारणाचा विषय केला होता. ३ जून २०१४ ला ते गेले, तेव्हा बीडला गाडी पोचायला अजून अकरा वर्षं होती. ३५३ कोटींचा अंदाज पुढे ४८०० कोटींच्या वर गेला.

नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला. १६ ऑक्टोबर २०२३ ला त्याच गाडीला नगरजवळ आग लागून डबे जळाले. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. शेवटी १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडहून निघाली.

मी सवयीने हिशेब मांडला. नगर ते बीड १६७ किलोमीटर, मंजुरीपासून ३० वर्षं. म्हणजे वर्षाला साडेपाच किलोमीटर. याचाही ताशी वेग काढला, तर येतो सुमारे ६४ सेंटिमीटर. गोगलगाय यापेक्षा जोरात जाते. तोक्यो-ओसाकाचा ५१५ किलोमीटरचा मार्ग १९५९ ते १९६४ अशा साडेपाच वर्षांत उभा राहिला होता. आपण गाड्यांच्या वेगाचे प्रकार पाडतो, पण रूळ टाकण्याच्या वेगाचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. आमच्या जिल्ह्यासाठी खरा महत्त्वाचा वेग तोच होता. तीस वर्षांत एक पिढी शिकायला पुण्याला गेली आणि तिथेच राहिली. मी त्यातलाच.

मग फास्ट कोण?

बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात तिला सुमारे साडेपाच तास दिले होते. सरासरी ताशी ३०. यावर बरीच थट्टा झाली. एसटी याहून लवकर जाते, हे खरंच आहे. पण थट्टा करण्याआधी दुसरी बाजू बघावी.

मराठवाड्याला वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला मिळाली, जालना ते मुंबई. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. नांदेड-मुंबई सुमारे ६१० किलोमीटरला साडेनऊ तासांच्या आसपास. सरासरी ६४. देशभरातल्या वंदे भारत गाड्यांची सरासरी रेल्वेनेच माहिती अधिकारात सांगितली आहे: २०२०-२१ मध्ये ८४.४८, आणि २०२३-२४ मध्ये ७६.२५. गाड्या वाढल्या, त्या अवघड मार्गांवर गेल्या, ठिकठिकाणी कामं चालू होती, ही कारणं रास्त आहेत. पण मघाचा आकडा आठवा. १९६९ ची राजधानी, सरासरी ८४. मार्ग वेगळे असल्याने तुलना तंतोतंत नाही, तरी एवढं कळतं की पन्नास वर्षांत डबे बदलले, नावं बदलली, सरासरी मात्र फारशी हलली नाही. कारण गाडीचा वेग गाडीत कमी आणि रुळात, सिग्नलात, वळणांत, पुढे अडकलेल्या मालगाडीत जास्त असतो. १८० ची गाडी ११० च्या रुळावर ठेवली तर ती ११० चीच गाडी.

आणि 'फास्ट'चा आणखी एक अर्थ आहे, जो व्याख्येत लिहिलेला नसतो. फास्ट म्हणजे न थांबणारी. सरासरी वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय थांबे कमी करणं हाच आहे. उद्या परळीपर्यंतचा मार्ग पुरा झाला की मुंबई-पुण्याहून हैदराबादकडे जायला एक जवळचा रस्ता तयार होईल. तेव्हा या रुळावरून सुपरफास्ट जाव्यात अशी मागणी होईल, आणि ती योग्यच असेल. पण त्यातली एकही वडवणीला थांबेलच असं नाही. लातूरच्या कोच फॅक्टरीत वंदे भारतच्या स्लीपर गाड्या बांधायचं ठरलंय. २०१८ साली तिचं भूमिपूजन झालं, १२० गाड्यांचं काम एका भारतीय-रशियन कंपनीकडे आहे. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात बांधलेली गाडी आपल्या स्टेशनावरून शिट्टी मारत निघून जाईल, आणि फलाटावर उभं राहून आपण तिचा व्हिडिओ काढू. डेक्कन क्वीनकडे तिसऱ्या वर्गातला माणूस बघायचा, तसंच.

दसऱ्याच्या पुढे वडवणी तालुक्यातून कोयते निघतात. नवरा-बायको, लेकरं, भांडीकुंडी, सगळं ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांवर. त्यांना फडापर्यंत रेल्वे नेणार नाही, हे मला कळतं. पण त्यांची पोरं शिकायला, परीक्षेला, दवाखान्याला नगर-पुण्याला जातील तेव्हा त्यांना १६० ची गाडी नको आहे. त्यांना पहाटे निघून कामाच्या वेळेत पोचणारी, पुण्याच्या गाडीला जोड असलेली, परवडणारी आणि वडवणीला थांबणारी गाडी हवी. ती पॅसेंजरच्या रकान्यात असली तरी चालेल. साडेपाच तासांचे चार करायला वंदे भारत लागत नाही. सिग्नल, क्रॉसिंग आणि वेळापत्रक यांकडे कुणीतरी लक्ष दिलं तरी पुरे. वेळ घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंत मोजली, तर दिवसातून चार वेळा सुटणारी साधी डेमू, दिवसातून एकदाच जाणाऱ्या सुपरफास्टपेक्षा फास्ट ठरते. स्टेशनावर बसून काढलेले तास आपण वेगात धरत नाही, म्हणून हे दिसत नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तात्यांना हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. राजधानी, पंचावन्नची अट, डब्याखालच्या मोटारी, वंदे भारतची बहीण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पानाला चुना लावत विचारलं,

"ते समदं खरं. पण आपल्या वडवणीत थांबंल का, ती कंची गाडी?"

मी म्हणालो, "डेमू थांबंल."

"मग तीच फास्ट," तात्या म्हणाले, आणि बीडच्या एसटीची वेळ झाली म्हणून उठले.